कुंपण आधी कोणी मोडलं? व्हिएतनामच्या 'दोई मोई'ची गोष्ट

भातखाचर (शनिवार, रात्री ९:१२)

नोकरीनिमित्त मी तीन वर्षं हानोईत राहिलो. ज्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता, त्या मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. तिकडे या वयाच्या बाईला 'बा' म्हणतात, म्हणजे आजीच. एकदा माझा पासपोर्ट सापडेना म्हणून मी जिन्यात सुन्न होऊन बसलो होतो. बा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तोंड असं का केलंयस, तांदळाची वही हरवल्यासारखं?" पासपोर्ट थोड्या वेळाने उशीखाली मिळाला, पण ती वही काही डोक्यातून जाईना.

ती वही म्हणजे 'सो गाओ'. युद्ध संपल्यानंतरच्या दहा-बारा वर्षांना तिथले लोक 'बाओ काप'चा काळ म्हणतात, म्हणजे सरकार देईल त्यावर जगायचे दिवस. तांदूळ वहीवर मिळायचा. मांस, साखर, रॉकेल, कापड कुपनांवर. साध्या कर्मचाऱ्याला महिन्याला १३ किलो धान्य. तेही सगळा तांदूळ नव्हेच, कधी मैदा, कधी कसावाचे वाळवलेले तुकडे, तर कधी 'बो बो' नावाचं टरफलासकटचं भरड धान्य, तासभर शिजवलं तरी दाताखाली कचकचणारं. मांस महिन्याला जेमतेम ३०० ते ५०० ग्रॅम. रांगा पहाटेपासून. उभं राहणं शक्य नसेल तर माणूस आपली खूण केलेली वीट रांगेत ठेवून जायचा. शहरातल्या लोकांनी मोरीत डुकरं पाळली, वरच्या मजल्यावरच्या घरांमध्येसुद्धा. बा शाळेत शिक्षिका होत्या, त्यांनीही पाळलं होतं.

सगळे सारखे, असंही नव्हतं. त्या काळात हानोईत एक पद्य तोंडोतोंडी फिरत असे. त्याचा मतलब असा, की तोन दान हा राजे-सरदारांचा बाजार, व्हान हो हा मधल्या हुजऱ्यांचा, डाँग सुआन व्यापाऱ्यांचा आणि फुटपाथ हा शूर जनतेचा. तोन दान रस्त्यावर बड्या अधिकाऱ्यांसाठीचं वेगळं सरकारी दुकान होतं. समतेसाठी तीस वर्षं लढलेल्या लोकांनी हे पद्य रचलं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मुद्द्यावर येतो. दोई मोई म्हणजे 'बदलून नवं करणं'. पुस्तकात ती एका ओळीत असते: डिसेंबर १९८६ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या महाधिवेशनात धोरण बदललं, बाजाराला वाव दिला, देश वर आला. हे खोटं नाही. पण त्याआधी वीस वर्षं खालची माणसं हेच करत होती आणि त्यासाठी मार खात होती, ते या ओळीत बसत नाही. व्हिएतनामी भाषेत त्याला शब्द आहे, 'फा राओ', कुंपण मोडणं. मला हा धागा त्यांच्यासाठी काढायचा होता.

पहिलं नाव किम न्गोक. हानोईच्या वायव्येला विन फुक हा प्रांत होता, तिथले ते पक्षसचिव. उत्तरेत तोवर शेती सामुदायिक संस्थांकडे गेली होती. घंटा झाली की शेतावर जायचं, दिवसाच्या कामाचे गुण लिहून घ्यायचे, हंगामाच्या शेवटी गुणांप्रमाणे धान्य. गुण हजेरीचे, पिकाचे नव्हेत. त्यांच्यात म्हण होती: सामायिक बाप मेला तर रडायला कोणी नाही. आपल्याकडे हेच 'बारभाईची खेती, काय लागेल हाती'. प्रत्येक कुटुंबाकडे स्वतःची म्हणून फक्त पाच टक्के जमीन ठेवलेली असे, आणि अनेक घरांचं निम्म्याहून अधिक उत्पन्न त्या तुकड्यातून यायचं. किम न्गोकना हे दिसत होतं. १९६६ मध्ये, अमेरिकी बाँब पडत असताना, त्यांनी प्रांतात ठराव करून जमीन कुटुंबांना कराराने कसायला दिली. ठरलेलं धान्य संस्थेला द्या, वरचं तुमचं. उत्पन्न वाढलं. १९६८ मध्ये पक्षाचे ज्येष्ठ नेते त्रुओंग चिन यांनी जाहीर टीका केली की ही खासगी शेतीकडे घसरण आहे. प्रयोग बंद झाला, किम न्गोकना चूक कबूल करायला लावली. १९७९ मध्ये ते वारले. पुढे देशाने जे केलं ते त्यांनी वीस वर्षं आधी केलं होतं, हे त्यांना बघायला मिळालं नाही. सरकारने त्यांचा सन्मान केला तो मरणोत्तर.

दुसरी गोष्ट दक्षिणेतली. १९७८ मध्ये सायगावातला (तोवर हो चि मिन सिटी झालेला) खासगी व्यापार एका झटक्यात बंद केला. सर्वांत मोठा घाव चोलोनमधल्या चिनी वंशाच्या व्यापाऱ्यांवर बसला, आणि होड्यांतून देश सोडून गेलेल्यांमध्ये ते मोठ्या संख्येने होते. मेकाँगच्या खोऱ्यात सामुदायिक शेतीचा आग्रह सुरू झाला तसं शेतकऱ्यांनी स्वतःपुरतंच पिकवायला सुरुवात केली. पंचवार्षिक योजनेचं लक्ष्य होतं १९८० पर्यंत २ कोटी १० लाख टन धान्य. हाती आलं साधारण १ कोटी ४० लाख. सरकारचा भाव किलोला ०.५२ डाँग, बाजारात त्याच्या पाचपट. शेतकरी विकेल कसा? पलीकडे भाताचं कोठार आणि शहरात तांदूळ नाही, अशी अवस्था आली. तेव्हा शहराचे नेते व्हो व्हान किएत यांनी बा थी नावाच्या कार्यकर्तीला पैसे देऊन खोऱ्यात पाठवलं. त्यांनी बाजारभावाने, २.५ डाँगने, तांदूळ उचलला. हा कायद्याने गुन्हा होता. तुम्ही तुरुंगात गेलात तर डबा मी आणून देईन, असं किएतनी त्यांना सांगितल्याची गोष्ट व्हिएतनाममध्ये आजही सांगतात. ते पुढे पंतप्रधान झाले.

शेजारच्या लाँग आन प्रांतात १९८० मध्ये कुपनंच रद्द केली. वस्तू बाजारभावाने विकायच्या आणि पगार त्या हिशोबाने रोख द्यायचा. उत्तरेत हाय फाँगच्या काही गावांनी चोरून कुटुंबकरार सुरू केले. इतक्या ठिकाणी कुंपण मोडल्यावर जानेवारी १९८१ मध्ये पक्षाने 'निर्देश १००' काढून कराराला परवानगी दिली.

लांबलंय. पुढचं प्रतिसादांत लिहितो.

शुभांगी_व (शनिवार, रात्री ९:५८)

विटेची रांग वाचून आईची आठवण झाली. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडे रेशनवर लाल मिलो यायची, अमेरिकेतून आलेली. आई अजून म्हणते, भाकरी थापताना तुटायची आणि खाल्ल्यावर पोट दुखायचं. पण आमची ती दोन वर्षं होती आणि कारण पावसाचं होतं. इथे जमीन आहे, नदी आहे, माणसं राबणारी आहेत, आणि तरी दहा-दहा वर्षं बो बो? हे पचत नाही. १९८१ ला परवानगी मिळाली म्हणता, मग १९८६ ची वाट का बघावी लागली?

भातखाचर (शनिवार, रात्री १०:४०)

शुभांगीताई, कारण ती परवानगी अर्धीच होती. शेतीची आठ कामं मोजली. नांगरट, बियाणं, खत, पाणी, कीडनियंत्रण ही पाच संस्थेकडे. लावणी, निगराणी आणि कापणी ही तीन कुटुंबाकडे. पहिली दोन-तीन वर्षं पीक खरंच वाढलं. मग काय झालं, तर शेतकऱ्याने जास्त पिकवलं की पुढच्या करारात संस्थेचा वाटा वाढवायचा. पाच कामं वेळेवर व्हायची नाहीत आणि त्याचा तोटा मात्र कुटुंबाच्या माथी. १९८५ पर्यंत उत्साह संपला आणि काहींनी जमीन परत केली.

त्यात सप्टेंबर १९८५ मध्ये मोठी चूक झाली. भाव, पगार आणि चलन तिन्ही एकदम बदललं, दहा जुन्या डाँगला एक नवा. पण सरकारी कारखान्यांचा तोटा तसाच, आणि तो भरायला नोटा छापणं चालूच. १९८६ मध्ये महागाई ७७४ टक्क्यांवर गेली. बा सांगायच्या, पगार हातात पडला की शाळेतून थेट बाजारात, घरीसुद्धा जायचं नाही.

आता मला या सगळ्यात सर्वांत थक्क करणारी गोष्ट. जुलै १९८६ मध्ये पक्षाचे सरचिटणीस ले झुआन वारले. त्यांच्या जागी आले त्रुओंग चिन. तेच, ज्यांनी किम न्गोकचा प्रयोग मोडला होता. वय एकोणऐंशी. पण १९८३ पासून ते दक्षिणेतल्या कारखान्यांत, शेतांवर फिरत होते, किएत आणि इतरांनी आणलेल्या कारखानाप्रमुखांचं ऐकून घेत होते, आणि त्यांचं मत पालटलं होतं. महाधिवेशनासाठी तयार असलेला अहवाल त्यांनी बाजूला ठेवला आणि नवा लिहून घेतला. 'सत्याकडे सरळ पाहायचं' ही ओळ तिथली. चूक परिस्थितीची नाही, पक्षनेतृत्वाची आहे, असं त्या अहवालात लिहिलं. मग ते पायउतार झाले आणि न्गुयेन व्हान लिन सरचिटणीस झाले. किम न्गोकवर झालेला अन्याय त्याने धुतला जात नाही, हे मी मानतो. पण आयुष्यभर जे खरं मानलं ते वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी चूक ठरवणं, तेही पूर्ण सत्ता हातात असताना, हे करणारी माणसं मला इतिहासात फार थोडी दिसतात.

सुनीता_प (रविवार, सकाळी ८:१५)

धागा मनापासून आवडला, म्हणून मनापासून विरोधही नोंदवते. मी डाव्या चळवळीत वाढले. 'सामुदायिक शेती फसली, बाजाराने वाचवलं' ही गोष्ट इतकी सरळ नाही.

एक तर काळ बघा. देशावर दुसऱ्या महायुद्धापेक्षा जास्त बाँब पडलेले. शेतं सुरुंगांनी भरलेली. १९७८ मध्ये चीनने मदत तोडली. त्याच वर्षाच्या शेवटी व्हिएतनामी सैन्य कंबोडियात गेलं, पोल पॉटची राजवट पाडली, आणि त्याबद्दल जगाने त्यांना वाळीत टाकलं. फेब्रुवारी १९७९ मध्ये उत्तरेकडून चीनने हल्ला केला. अमेरिकेची आर्थिक नाकेबंदी १९९४ पर्यंत होती. यातलं काहीच नसतं तर बाओ काप इतका भयाण झाला असता का?

दुसरं म्हणजे, दोई मोईला जे यश आलं त्याचा पाया आधीच्या व्यवस्थेने घातला. ऐंशीच्या दशकात, त्या गरिबीतसुद्धा, व्हिएतनाममध्ये बहुतांश प्रौढ साक्षर होते. खेड्यात आरोग्य केंद्र होतं. जमीनदार उरला नव्हता, त्यामुळे संस्था मोडल्या तेव्हा उत्तरेत जमीन कुटुंबातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे बऱ्यापैकी समान वाटली गेली. आपल्या मराठवाड्यातल्या भूमिहीन मजुराला उद्या खुला बाजार दिला तर तो काय विकणार? त्याच्याकडे विकायला पीकच नाही. बाजार समान जमिनीवर आला म्हणून शेतकऱ्याला फळला. हे श्रेय कुणाचं?

भातखाचर (रविवार, सकाळी ९:०५)

सुनीताताई, जमिनीच्या वाटपाबद्दल आणि साक्षरतेबद्दल पूर्ण सहमत. मी ते लिहायला हवं होतं. युद्धाबद्दल अर्धाच सहमत, कारण १९८८ आणि १९८९ बघा. वेढा तोच, कंबोडियातलं सैन्य तेच (ते सप्टेंबर १९८९ मध्ये परतलं), नाकेबंदी तीच. १९८८ च्या सुरुवातीला उत्तरेत, थान होआ आणि आसपास, पुन्हा उपासमार झाली. त्या वर्षी तांदूळ आयात करावा लागला. एप्रिलमध्ये पॉलिटब्युरोचा, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीचा, 'ठराव १०' आला. जमीन पंधरा वर्षांसाठी कुटुंबाला, गुरं आणि अवजारं कुटुंबाची, ठरलेल्या उत्पन्नातला किमान ४० टक्के वाटा शेतकऱ्याचा, कामाचे गुण रद्द, धान्य कुणालाही विका. १९८९ मध्ये व्हिएतनामने सुमारे १४ लाख टन तांदूळ निर्यात केला आणि जगातला तिसऱ्या क्रमांकाचा निर्यातदार झाला. एका वर्षात नद्या बदलल्या नाहीत, माणसं बदलली नाहीत. लावणी तेच हात करत होते.

एका वर्षात हे घडलं असं म्हणताना एक गोष्ट मात्र सुटते. मेकाँगमध्ये तांदळाच्या नव्या जाती आधीच पोचल्या होत्या. १९७७-७८ मध्ये तपकिरी तुडतुड्याने पीक फस्त केलं तेव्हा कान थो विद्यापीठातले भातशास्त्रज्ञ व्हो तोंग सुआन यांनी वर्ग बंद ठेवून विद्यार्थ्यांना आयआर-३६ या जातीची रोपं घेऊन गावोगाव पाठवलं होतं, एकेक काडी लावायला शिकवून. बियाणं होतं, कालवे होते. अडलं होतं ते घेणाऱ्याच्या भावापाशी आणि पिकवणाऱ्याच्या हक्कापाशी.

सुनीता_प (रविवार, सकाळी ९:३०)

१९८८-८९ चा मुद्दा मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण त्याच १९८९ मध्ये दवाखान्यात शुल्क सुरू झालं आणि शाळेतही फी आली. गावच्या आरोग्य केंद्राचा खर्च सामुदायिक संस्था उचलायची, ती संस्थाच विरली. पुढची काही वर्षं माध्यमिक शाळेतली मुलं गळाली. तांदूळ निर्यात करणाऱ्या देशात मुली शाळेतून निघून लावणीला जात होत्या, हेही त्याच पानावर लिहून ठेवा.

भातखाचर (रविवार, सकाळी ९:३४)

लिहिलं. तुमच्या प्रतिसादासकट धागा वाचला जावा हीच इच्छा.

पासबुक (रविवार, दुपारी १२:२०)

बँकेत तीस वर्षं काढल्यामुळे माझं लक्ष महागाईकडे गेलं. ७७४ टक्के म्हणजे रुपयाची वस्तू वर्षाअखेर पावणेनऊ रुपयांना. ती उतरवली कशी ते कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

महाधिवेशनानंतरही १९८७ आणि ८८ मध्ये महागाई तीन आकडीच होती. नुसत्या ठरावाने नोटांचं मोल वाढत नाही. मार्च १९८९ मध्ये सरकारने बचतीवरचं व्याज महागाईच्या वर नेलं. साध्या ठेवीला महिन्याला ९ टक्के, तीन महिन्यांच्या ठेवीला महिन्याला १२ टक्के. वर्षाला नव्हे, महिन्याला! गादीखाली सोनं आणि डॉलर ठेवणारे लोक डाँग घेऊन बँकेत आले. त्याच सुमारास दुहेरी भाव गेले, म्हणजे सरकारी एक आणि बाजारातला एक अशी जी दोन जगं होती ती एक झाली. अधिकृत विनिमय दर काळ्या बाजाराजवळ आणला. काही महिन्यांत भाव थांबले, काहींचे उतरले. कुपन आपोआप निरुपयोगी झालं, कारण दुकानात आणि बाहेर भाव एकच.

लगेच दुसरी बाजूही सांगतो. सगळीकडे पतसंस्था उगवल्या, वाटेल ते व्याज कबूल करू लागल्या, आणि १९९० मध्ये धडाधड बुडाल्या. देखरेख करणारं कुणी नव्हतं. त्या बुडालेल्या ठेवी शिक्षकांच्या, निवृत्त सैनिकांच्या होत्या. पतसंस्था बुडाल्यावर बंद दाराबाहेर उभे राहिलेले लोक मी माझ्या तालुक्याच्या गावी पाहिले आहेत. १९९० आणि ९१ मध्ये महागाई पुन्हा ६७ टक्क्यांच्या घरात गेली, त्यात सोव्हिएत मदत आटली हेही कारण. ९२ नंतर ती आटोक्यात आली. बारा हजारांच्या आसपास सरकारी उद्योग होते, ते काही वर्षांत निम्मे राहिले.

प्राग_निवासी (रविवार, संध्याकाळी ५:०२)

इथे प्रागमध्ये आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं दुकान व्हिएतनामी कुटुंबाचं आहे. जवळजवळ प्रत्येक गल्लीत असंच. ते इथे कसे आले ते मी त्या काकांना विचारलं होतं. ऐंशीच्या दशकात व्हिएतनाम आपली माणसं सोव्हिएत संघ, पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, बल्गेरियात कामगार म्हणून पाठवत असे. काका एका कापड गिरणीत होते. गावी पैसे पाठवून उपयोग नसायचा, नोटांना किंमतच नव्हती, म्हणून ते वस्तू पाठवायचे. शिलाई मशीन, सायकल, कुकर, औषधं. एका मशीनवर घर चालायचं आणि दुसरं विकलं जायचं. १९८९ मध्ये इकडची राजवट पडली, गिरणी बंद झाली. परत जायचं तिकीट मिळत होतं, त्यांनी घेतलं नाही, बाजारात टेबल मांडून कपडे विकायला बसले.

भातखाचर यांच्या मुद्द्याला हा जोड द्यावासा वाटला. परवानगी यायच्या आधीच लाखो व्हिएतनामी घरं व्यापार शिकली होती, तेही समाजवादी देशांमध्ये.

काजूबी (रविवार, रात्री ८:४५)

मी वेंगुर्ल्याकडचा. आमचा काजूचा छोटा कारखाना आहे, वडिलांनी सुरू केलेला. या विषयाशी आमचा रोजचा संबंध आहे, म्हणून लिहितो.

नव्वदच्या सुरुवातीला व्हिएतनामची कच्ची बी भारतात यायची. म्हणजे ते पिकवायचे, आपण फोडायचो. वडील सांगतात, बी बरी असायची, आफ्रिकेपेक्षा ताजी. मग त्यांनी ठरवलं की बी बाहेर द्यायची नाही, गर करूनच विकायचा. साधारण २००६ पासून काजूगराच्या निर्यातीत ते आपल्या पुढे आहेत. आज त्यांची स्वतःची बी त्यांना पुरत नाही, आयव्हरी कोस्ट आणि कंबोडियातून आणतात. जे आपण आधी करत होतो तेच, फक्त दसपट जोरात.

मी जाऊन बघून आलो. बिन फुओक प्रांतात एकामागून एक कारखाने. आमच्याकडे बायका पायाच्या यंत्रावर बसून एकेक बी फोडतात, हाताला तेल लागू नये म्हणून राख लावतात. तिथे बी फोडायची यंत्रं आहेत, तिथल्याच कारागिरांनी बनवलेली, दरवर्षी सुधारत नेलेली. आता आपल्याकडचे लोकही तीच यंत्रं मागवतात. मी पण एक आणलं. पाकळी जास्त पडते, अख्खा गर कमी निघतो, पण मजुरी परवडते.

एक प्रश्न मनात राहतो. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा उत्तम जाती दिल्या. झाड आपल्याकडे चारशे वर्षांपासून, पोर्तुगिजांनी गोव्यात आणलं तेव्हापासून. खासगी कारखाना काढायला आपल्याला कधीच बंदी नव्हती. त्यांना १९९० च्या कायद्याआधी रीतसर कंपनी काढता येत नव्हती. मग आम्ही मागे का पडलो? नुसता बाजार खुला असणं पुरत नाही, एवढं मला कळतं. त्यांच्याकडे कुणीतरी वर बसून ठरवलं की कच्चा माल बाहेर जाणार नाही, आणि बँकेला सांगितलं की या लोकांना कर्ज द्या.

अनुराधा_के (रविवार, रात्री १०:११)

काजूबी यांचा प्रतिसाद सर्वांत मोलाचा वाटला.

चीनशी तुलना व्हायला हवी. तिथेही सुरुवात खालूनच. डिसेंबर १९७८ मध्ये आन्ह्वे प्रांतातल्या श्याओगांग गावच्या अठरा शेतकऱ्यांनी रात्री जमून गुपचूप करारावर अंगठे उठवले. जमीन वाटून घेऊ, सरकारचा वाटा देऊ, कुणाला अटक झाली तर त्याची मुलं बाकीचे सांभाळतील. प्रांताचे नेते वान ली यांनी त्यांना पाठीशी घातलं, आणि तो कागद आज संग्रहालयात आहे. किम न्गोक त्यांच्या बारा वर्षं आधीचे. पण चीनमध्ये सुरुवातीची झेप गावोगावच्या छोट्या कारखान्यांनी घेतली, ते कारखाने गावाच्या मालकीचे. व्हिएतनाममध्ये तसं फारसं दिसत नाही, तिथे १९८७ च्या कायद्यानंतर आलेलं परकीय भांडवल आणि घरगुती धंदे.

माझा प्रश्न जमिनीबद्दल आहे. शेतकऱ्याला जमीन 'दिली' असं सगळे लिहितायत. मालकी दिली का?

भातखाचर (सोमवार, सकाळी ७:२०)

अनुराधाताई, नाही दिली. नेमकं बोट ठेवलंत. संविधानाप्रमाणे जमीन साऱ्या जनतेची आणि राज्य तिचं व्यवस्थापक. १९९३ च्या कायद्याने कुटुंबाला वापराचा हक्क दिला, लाल मुखपृष्ठाचं प्रमाणपत्र, लोक त्याला 'लाल वही' म्हणतात. (तांदळाच्या वहीनंतर आता ही वही!) हा हक्क विकता येतो, बदलता येतो, भाड्याने देता येतो, वारसाला जातो, गहाण ठेवता येतो. वार्षिक पिकांना मुदत वीस वर्षं, झाडांना पन्नास. २०१३ च्या कायद्याने वीसची पन्नास झाली.

पण राज्य ती परत घेऊ शकतं, आणि भरपाई ठरवणारंही राज्यच. शहरं पसरू लागली तशी शेतजमीन कवडीमोलाने घेऊन तिथे इमारती आणि औद्योगिक वसाहती झाल्या, भावातला फरक दुसऱ्यांनी खाल्ला. १९९७ मध्ये थाय बिन प्रांतात, जो क्रांतीचा बालेकिल्ला मानला जायचा, हजारो शेतकरी गावपुढाऱ्यांच्या पैसेखाऊपणाविरुद्ध रस्त्यावर आले. २०१२ मध्ये हाय फाँगजवळ तिएन लांगमध्ये दोआन व्हान वुओन या मत्स्यशेती करणाऱ्याने, समुद्राला बांध घालून स्वतः उभी केलेली जमीन काढून घ्यायला आलेल्या पोलिसांवर घरगुती सुरुंग आणि बंदुकीने हल्ला केला. देशभर सहानुभूती त्याच्या बाजूने होती. पंतप्रधानांनाही सांगावं लागलं की ती जप्ती बेकायदा होती, तरी त्याला पाच वर्षांची शिक्षा झालीच. २०२० च्या जानेवारीत हानोईजवळच्या डाँग ताम गावात पहाटे पोलीस घुसले, तीन पोलीस आणि गावचा चौऱ्याऐंशी वर्षांचा म्होरक्या मारला गेला. तो जुना पक्षसदस्य होता.

म्हणून मी या गोष्टीला यशोगाथा म्हणत नाही. १९९३ मध्ये ५८ टक्के लोक गरिबीरेषेखाली होते, १९९८ मध्ये ३७. पाच वर्षांत इतकं क्वचितच कुठे घडलं असेल, आणि ते खरं आहे. पण कुंपण मोडणाऱ्या माणसाचं म्हणणं ऐकून घेण्याची सोय आजही कुणा किएतच्या मर्जीवर आहे. वर्तमानपत्रं पक्षाची, निवडणुकीत दुसरा पक्ष नाही. १९८७ मध्ये लिन यांनी स्वतः 'न्हान झान' या पक्षाच्या दैनिकात सदर लिहून पत्रकारांना भ्रष्टाचार उघड करायला सांगितलं होतं. दोन-तीन वर्षं लेखक, वार्ताहर मोकळे झाले. पूर्व युरोप कोसळताना दिसला आणि ते दार पुन्हा बंद झालं. भाव मोकळे झाले, तोंड नाही झालं.

काजूबी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण वरून ठरवणाऱ्याने काजूच्या बाबतीत बरोबर ठरवलं आणि जहाजबांधणीत त्याच पद्धतीने हात पोळून घेतले. विनाशिन हा सरकारी उद्योगसमूह २०१० मध्ये चार अब्ज डॉलरांहून अधिक कर्जाखाली कोसळला. काजूत कारखानदाराला तोटा स्वतःच्या खिशातून भरावा लागत होता, विनाशिनमध्ये तसं नव्हतं. मला फरक तिथे वाटतो.

काजूबी (सोमवार, दुपारी १:४०)

हे पटलं. वडिलांना वाचून दाखवतो.

शुभांगी_व (सोमवार, रात्री ९:१५)

पुढच्या महिन्यात लेकीकडे हानोईला चाललेय, सहा आठवडे. तांदळाची वही कुठे बघायला मिळेल का? आणि त्या बांनी त्यांची वही जपून ठेवलीय का, की टाकून दिली?

भातखाचर (सोमवार, रात्री ९:५०)

शुभांगीताई, २००६ मध्ये हानोईच्या मानववंश संग्रहालयात बाओ कापच्या काळावर मोठं प्रदर्शन भरलं होतं, वह्या, कुपनं, रांगेतल्या विटा, सगळं. लोकांनी घरातून वस्तू आणून दिल्या होत्या. ते प्रदर्शन संपलं, पण संग्रहालय चुकवू नका. जुन्या वस्तूंनी सजवलेल्या त्या काळच्या धर्तीच्या खानावळी शहरात आहेत, तिथे भिंतीवर खऱ्या वह्या लावलेल्या दिसतात.

बांनी टाकली नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे, नवऱ्याच्या युद्धातल्या पदकांबरोबर. मी निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी काढून दाखवली. पुठ्ठ्याचं पातळ मुखपृष्ठ, आत कुटुंबातल्या पाच माणसांची नावं, प्रत्येकापुढे किलो, आणि महिन्याच्या चौकोनात दुकानाचा शिक्का. धाकट्या मुलाच्या नावापुढचा आकडा एका ठिकाणी खोडून वाढवलेला होता. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, तो त्या महिन्यात मोठ्यांच्या मापात गेला, आणि त्या दिवशी आम्ही घरी भाताचा आणखी एक वाडगा शिजवला.